चौसष्टच्या पुढे

माझा मित्र मूळचा बाळापूरचा. अकोल्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी अमरावतीत एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं, दुल्हेभाईनं, दुबईत त्याच्यासाठी काम पाहून ठेवलं होतं. त्याला जायचं नव्हतं, आणि त्यानं जाऊ नये असं मला त्याच्याहून जास्त वाटत होतं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांनी त्याला शब्द दिला होता: कापसाचा भाव सगळ्या जिनिंगमध्ये एकाच वेळी दिसेल असा प्रोग्राम हंगामभर चालवून दाखव, मग कायमचं काम तुझंच. म्हणजे प्रोग्राम चालला तर तो राहणार, नाही तर जाणार.

प्रोग्रामच्या पोटात इव्हेंट लूपची एक लायब्ररी होती. अडतीवरचा शेठ गादीवरून न उठता जो बोलेल त्याला उत्तर देतो, तसं तिचं काम. पण कान कसे लावायचे हे दर ऑपरेटिंग सिस्टिमचं निराळं, आणि ते लायब्ररी बिल्ड करतानाच सांगावं लागे. हा पर्याय चालू, तो बंद. लॅबमधल्या लिनक्सची पद्धत वेगळी, तिथल्याच एका जुन्या बीएसडी मशीनची वेगळी. विंडोजला त्यातली कुठलीच समजेना, त्याच्याकडे सिलेक्ट नावाची नुसती एक जुनी पद्धत. आणि सर्व्हर ठेवायचा होता तो नेमका मित्राच्या दुकानात इन्व्हर्टरवर चालणाऱ्या विंडोजवर! बीएसडीच्या खुणेत लाल सैतानाचं चित्र असतं. मी त्या मशीनवर वेळ घालवला की मित्र फोनवर वैतागायचा, "तुह्या त्या सैतानावर कोनती जिनिंग चालून राह्यली बे?"

मी कोड सीडीवर घालून डेपोत अकोल्याच्या एसटी ड्रायव्हरकडे द्यायचो आणि मित्र अकोल्याच्या स्टँडवर जाऊन ती घ्यायचा. परतीच्या गाडीनं सीडी यायची, पाकिटावर त्याचं अक्षर: "नाही चालत. डोकं लाव." त्या अक्षरासाठी मी गाडीची वाट पाहायचो, हे त्याला कधी कळू दिलं नाही.

दसऱ्यानंतर हंगाम लागला आणि दुपार झाली की प्रोग्राम मुका होऊ लागला. विंडोजवरचं सिलेक्ट नेहमीच्या बिल्डमध्ये चौसष्टच जोडण्या सांभाळतं, हे आम्हाला माहीत होतं. पण जिनिंग तर पन्नासही नव्हत्या. शेवटी मी अकोल्याला गेलो आणि आम्ही दोघं एका जिनिंगमध्ये जाऊन बसलो. भारनियमनाची वेळ झाली तसा मुनीम उठला, कॉम्प्युटर बंद करण्याच्या भानगडीत न पडता त्यानं थेट भिंतीवरचं बटण दाबलं.

"लाइन येते तवा झटका मारते," तो म्हणाला. "मशीन जळाली तं शेठ मले जाळीन."

सगळ्याच जिनिंगमध्ये हीच रीत होती. न सांगता गेलेल्याची जागा सर्व्हर राखून ठेवायचा, आणि लाइन आली की तोच गडी नवा म्हणून येऊन दुसरी जागा अडवायचा. आम्ही दुकानात परतलो. विंडोजपुरती मर्यादा बिल्डमध्येच वाढवली, आणि बराच वेळ गप्प राहील त्याला काढून टाकणारा टायमर घातला. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम दुपारभर बोलत राहिला.

"दुल्हेभाईले सांगून टाकतो, मी नाही येत!" मित्र ओरडला. मग त्यानं शटर ओढलं, मला लुनावर मागं बसवलं आणि आम्ही टॉवर चौकाकडे मिरचीची भजी खायला गेलो. तोंड पोळलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि दोघंही वेड्यासारखे हसत होतो. मला आयुष्यात काही परत मिळणार असेल तर ती संध्याकाळ हवी आहे.

त्या साली दुसरी वेचणी आलीच नाही. पावसानं मधेच दगा दिला, अळीनं उरलेलं खाल्लं. मी अमरावतीत, आणि त्याचा फोन यायचा, "अजून एक जिनिंग गेली." पहिल्यांदा मला वाटलं, टायमरमध्ये काही चुकलं. मी सगळा कोड पुन्हा वाचायला घेतला.

"कोड नको पाहू यार," तो म्हणाला. "जिनिंगलेच कुलूप आहे."

जिनिंगवाल्यांचा शब्द खोटा नव्हता; शब्द पाळायला त्यांच्याकडे कापूसच उरला नाही. होळीच्या आधी त्यानं तिकीट काढलं. तो जाणार त्या दिवशी मी दुकानात गेलो. सामान बांधून झालं होतं. पडद्यावर आमचा सर्व्हर चालू होता आणि त्याला एकही जिनिंग जोडलेली नव्हती.

"चांगला चालते न आपला प्रोग्राम?" त्यानं विचारलं.

"चांगला चालते," मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना. त्यात काही बिघाड असता तर मी काढला असता. दिवस लागोत, महिने लागोत, काढलाच असता आणि त्याला ठेवून घेतलं असतं.