पहिल्या शनिवारचा काला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? कुणास ठाऊक. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

दर जूनला आमच्या मराठी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच धोशा सुरू होतो. बाई, शाळा उघडतेय, पहिल्या आठवड्यात वर्गात काय घ्यावं? मग मी सांगते. मला विचारतात, कारण हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या आमच्या शाळेत माझे केस पांढरे झालेत. इथली पोरं घरात मराठी बोलतात, गल्लीत हैदराबादी हिंदी, दुकानात तेलुगू, आणि मराठी वाचायला दिलं की तोंड वेंगाडतात. त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी पुस्तक टाकलं तर झालंच कल्याण! म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला त्यांची नावं लिहायची आणि ज्याचं नाव त्याने शोधून काढायचं. चिंचोके मोजायचे. सुतळीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा, ज्याच्या हातात येईल त्याने आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. खर्च नाही, पोरं रमतात, लाजरी पोरंही बोलायला लागतात.

आणि पहिल्या शनिवारी काला. सगळ्यांनी घरून पोहे, चुरमुरे, दहीभात, काकडी, लोणचं, जे असेल ते डब्यात आणायचं, एका मोठ्या परातीत ओतायचं, बाईंनी हाताने कालवायचं आणि सगळ्यांनी गोल बसून खायचं. बाईंनीसुद्धा. नव्या शिक्षिका हे ऐकून हरखून जातात. किती छान बाई, सगळी पोरं एका परातीत!

सगळी. हं.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात प्रज्ञा नावाची मुलगी नवीन आली होती. वडील नामपल्लीला रेल्वेच्या ऑफिसात, आई एका दवाखान्यात नर्स, मूळचे नांदेडकडचे. टपोऱ्या डोळ्यांची, धीट पोर. सुतळीचा गुंडा तिच्याकडे गेला तेव्हा ती उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, आमच्या घरी बुद्धपौर्णिमेला खीर करतात, आणि माझी आई ती सगळ्या बिल्डिंगला वाटते. पोरांनी ऐकलं, गुंडा पुढे गेला. पोरांच्या डोक्यात खिरीपलीकडे काही शिरलं नाही. माझ्या शिरलं. ओळख व्हावी म्हणून मीच तर तो खेळ घेतला होता — झाली की ओळख!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही असल्या? मी नाही हो असली. निदान मला तसं वाटायचं. आम्ही शेतकरी घरातले, आजोबांची मराठवाड्यात शेती, वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. आमच्याकडे जातपात कुणी पाळत नाही, हे मी चारचौघांत तोंड वर करून सांगत आलेय. किती सोपं असतं ते सांगणं — वेळ येईपर्यंत.

शनिवारी काही पोरांच्या आया वाढायला मदत म्हणून आल्या होत्या, दाराशी गप्पा मारत उभ्या होत्या. पोरं एकेक करून डबा उघडत होती, परातीत ओतत होती. एकीने पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आणला होता, एकाने नुसत्या लाह्या. मग प्रज्ञा आली. तिच्या डब्यात दहीभात होता. वर कढीपत्त्याची फोडणी, डाळिंबाचे दाणे, बारीक चिरलेली कोथिंबीर — आईने पहाटे उठून मन लावून केलेलं दिसत होतं. ती डबा परातीवर तिरका करणार, तेवढ्यात माझा हात पुढे गेला. मी डबा धरला, नाकाजवळ नेला आणि म्हटलं, अगं, हा आंबलाय. हा नको.

आंबला नव्हता. ताजा होता, घमघमत होता. मी हे स्पष्ट सांगते, म्हणजे मला मागे फिरायला जागा राहणार नाही. माझं नाक चांगलं शाबूत आहे.

आणि मग जे झालं ते मला अजून गिळता येत नाही. तिने डबा परत घेतला. स्वतः वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा. माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि हळूच म्हणाली, "हौ बाई, आंबलाय."

तिचं नाक तिला खरं सांगत होतं आणि तिने माझं ऐकलं. का ऐकणार नाही? मी बाई होते.

मी तिला तो नळाजवळ रिकामा करून यायला सांगितलं. ती गेली, डबा धुऊन आली, गोलात बसली आणि बाकीच्यांनी आणलेला काला मुकाट्याने खाल्ला. मी तिला दुसऱ्यांदा वाढलासुद्धा. बघा माझी माया!

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की ते त्या आयांमुळे झालं. त्यातल्या एखादीने नाक मुरडलं असतं, ती चार घरांत बोलली असती, दोन पोरं इंग्रजी शाळेत गेली असती. आमची पटसंख्या ही एवढीशी, वर्ग बंद पडायला कितीसा वेळ लागतो? शाळेसाठी केलं, असं म्हणायचे मी. पण त्या आया काही बोलल्याच नव्हत्या. त्यांचं लक्षही नव्हतं, साड्यांच्या सेलबद्दल चाललं होतं त्यांचं. मग मी म्हणू लागले, पोरीला कुणी हिणवू नये म्हणून केलं. छान! हिणवायला दुसरं कोण होतं तिथे?

खरं काय ते एवढंच आहे. कालवायचं मला होतं आणि खायचंही मला होतं. तिच्या घरचं अन्न माझ्या तोंडात जायला नको होतं. मला. दुसऱ्या कुणाला नाही.

सोमवारी तिची आई आली. ड्यूटीवर जाता जाता, पांढऱ्या साडीत, धावतपळत. मला वाटलं, कळलं हिला. बरं झालं असतं हो! चार शब्द सुनावले असते, वर्गासमोर माझी लाज काढली असती, तर आज मी हे असं तुमच्यापुढे घेऊन बसले नसते. पण ती माफी मागायला आली होती. बाई, दही मी रात्रीच लावलं होतं, सकाळी वासही घेतला होता, कसं झालं कळेना. कुणा लेकराच्या पोटाला त्रास झाला नाही ना? तुमचं लक्ष होतं म्हणून निभावलं.

खरं बोलायला त्याहून सोपी वेळ कुठली होती? ती समोर उभी होती. व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, असू द्या, उकाड्याचे दिवस आहेत, होतं असं. पुढच्या वेळी जरा जपा.

मी तिला माफ केलं! तिने हात जोडले आणि ती गेली.

प्रज्ञा शिकली माझ्याकडे. हुशार होती, मराठी वाचायला सगळ्यांच्या आधी लागली. मधल्या सुट्टीत कुणी डब्यातलं मागितलं तर आधी झाकण उघडून वास घ्यायची, मगच द्यायची. मी पाहायचे आणि वही तपासायला घ्यायचे.

पुढच्या जूनला मी चौथीला गेले, तोच वर्ग घेऊन. पहिल्या शनिवारी पुन्हा परात मांडली. तिची पाळी आली. तिच्या हातात डबा नव्हता. दुकानातून आणलेला बिस्किटांचा पुडा होता, न फोडलेला. तो माझ्यापुढे धरून म्हणाली, "आईने हा दिलाय, बाई. हा आंबत नाही."

आणि मला हायसं वाटलं. सगळ्या वर्गासमोर मी तो पुडा फोडला आणि पहिलं बिस्कीट मीच खाल्लं.