मधल्या टेबलावरचे सुभेदार

आमच्या सुभेदारांइतकं ठाऊक असलेला आणि सुभेदारांइतकं कमी सांगणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा सापडायचा नाही. ताकास तूर लागू न देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सुभेदार घरात ताक आहे हेच कबूल करत नसत. त्यांना कोणी वाटेत थांबवून किती वाजले विचारलं, तर ते मनगटावरच्या घड्याळावर आधी दुसरा हात ठेवत आणि म्हणत, "कशासाठी हवंय?" शाळेची रिक्षा गाठायची आहे, पाणी यायची वेळ झाली आहे, असं काही पटण्यासारखं कारण मिळालं की मग वेळ सांगत, आणि तीही लष्करी पद्धतीनं, म्हणजे 'साडेपाच' ऐवजी 'सतरा तीस', त्यामुळे मिळूनही तिचा फारसा उपयोग होत नसे. माझ्या बायकोनं एकदा सहज विचारलं, "भाऊ, आज काय भाजी केली?" तर म्हणाले, "वहिनी, झाली आहे एवढं सांगू शकतो." वांग्याच्या भरिताचा वास साऱ्या मजल्यांवर दरवळत होता.

ते लष्करात होते, संदेशवहनाच्या कामात. गाव धुळ्याकडचं. कुठे होता असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "टेबलावर." मी पांडेसराच्या एका डाइंग मिलमध्ये रंगाचा मास्तर, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी वस्तीत ख्याती. असा मी आणि असे ते एकाच इमारतीत शेजारी, त्यामुळे दोन वर्षं खणून खणून मी त्यांच्याकडून जे काढलं ते एवढंच. त्यांच्या ठिकाणी दोन संगणक यंत्रणा होत्या, एक पायदळाची, एक हवाई दलाची. दोन्हींचे साहेब वेगळे, कुलपं वेगळी, नियम वेगळे. दोघांनाही एकमेकांची माहिती तर लागायची, पण कोणी कोणाच्या घरात शिरायचं नाही. मधे तार नाही, मधे टेबल. टेबलावर दोन पडदे, आणि त्यांच्यासमोर सुभेदार. "मग तुम्ही नेमकं काय करायचात?" मी विचारलं. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, बहुधा मला सांगण्यात देशाला धोका किती याचा अंदाज घेत असावेत. मग म्हणाले, "जेवढं द्यायचं ठरलंय तेवढंच जातंय ना, जसंच्या तसं जातंय ना, आणि घेणारा तोच आहे ना, हे बघायचो. बास." नोकरीचं एवढं वर्णन केल्यावर त्यांना दम लागला.

आता आमची वस्ती सांगायला हवी. नवागामच्या पुढे, डिंडोलीच्या अंगाला, एका आवारात दोन इमारती, अ आणि ब. फाटक एक, पण कमिट्या दोन, प्रमुख दोन, पाण्याच्या मोटारी दोन, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप दोन आणि अबोला एक. अ चा प्रमुख मी. ब चे प्रमुख भरतकामाच्या मशिनी चालवणारे एक गुजराती गृहस्थ, माणूस लाखमोलाचा, फक्त ब मध्ये राहतो एवढाच दोष. पूर्वी दोन्हीकडची लोकं एकमेकांच्या ग्रुपात होती. एका मीटिंगमध्ये मी त्यांच्याविषयी काही उद्गार काढले, ते कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून पलीकडे धाडले, आणि मग दोन्हीकडून परक्यांना ग्रुपातून हाकललं गेलं. पण पाणी बंदची सूचना कधी त्यांच्याकडे यायची, कधी आमच्याकडे. ती पलीकडे जाईना. एकदा ब वाल्यांनी पिंपं भरून ठेवली आणि आम्ही दोन दिवस बिसलेरीनं तोंडं धुतली.

तेव्हा सुभेदार उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले, "हे माझं काम आहे." फाटकाजवळच्या वॉचमनच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं. टेबलावर दोन फोन, एक अ च्या ग्रुपातला, एक ब च्या. इकडचा संदेश तिकडे कधीही फॉरवर्ड करायचा नाही. तो वाचायचा, चिठ्ठीवर हातानं उतरवायचा, पाठवणाऱ्याचं नाव घालून खाली स्वतः सही करायची आणि मग दुसऱ्या फोनवर टाइप करायचा. चिठ्ठ्या तीन रंगांच्या. हिरवी म्हणजे सर्वांसाठी, पिवळी फक्त कमिटीसाठी, लाल म्हणजे ज्याचं नाव आहे त्या एकट्यासाठी. शिवाय रोज एक परवलीचा शब्द, तो जेवणावरूनच घेतलेला. कालची शेवभाजी आज चालत नसे. मी प्रमुख असूनही एकदा 'कळण्याची भाकरी' विसरलो आणि माझ्याच नावाची चिठ्ठी मला मिळाली नाही. "अहो, मी मास्तर! तुमचा शेजारी!" मी म्हणालो. "ते दिसतंय," सुभेदार म्हणाले, "पण सिद्ध होत नाही."

पलीकडे काय जाऊ द्यायचं याबाबत तर ते कोणाला जुमानत नसत. एकदा मी लिहिलं की उद्या टाकी धुणार, पाणी येणार नाही, आणि आमच्या गच्चीवर गोधड्या वाळत घालणाऱ्या ब च्या लोकांना जनाची नाही तर मनाची तरी लाज हवी. पलीकडे पोचलं ते 'उद्या पाणी येणार नाही'. मी जाब विचारला, "उरलेलं कुठे गेलं?" ते शांतपणे म्हणाले, "उरलेल्यात माहिती नव्हती." तिकडून येणारंही असंच गाळून यायचं, हे मला पुढे कळलं. ब चे प्रमुख स्वतःच कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्तर, मैंने तुमको कितना कुछ लिखा था! सुबेदारसाहेबने बधु काढी नाख्युं!" आम्ही दोघंही हसलो. अशा रीतीनं न मिळालेल्या शिव्यांमुळे आमचे संबंध सुधारले.

स्थळाची चौकशी करायला आलेली माणसंही त्यांच्याकडेच यायची. चौथ्या मजल्यावरच्या एका मुलासाठी नवापूरचे पाहुणे आले. सुभेदारांनी त्यांची नावं लिहून घेतली, पाणी दिलं आणि सांगितलं, "मुलगा चौथ्या मजल्यावर राहतो." पाहुणे म्हणाले, ते आम्हाला माहीत आहे. "मग आपली माहिती जुळली," सुभेदार म्हणाले. त्यांना बसवून ते चौथ्या मजल्यावर गेले, मुलाच्या बापाला काय काय सांगू असं विचारलं, आणि शिक्षण, पगार, उंची एवढी परवानगी घेऊन खाली आले. पाहुणे म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीठमसाला न लावता ऐकलं." लग्न जमलं, आणि मांडवात दोन्ही पक्षांनी सुभेदारांना टॉवेल-टोपी दिली.

असा हा दुनियेचा दुवा, पण त्यांचा स्वतःचा मुलगा ब मध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याच्याशी त्यांचं बोलणं नव्हतं. हे मला सुभेदारांनी सांगितलं असं समजू नका. सुनेनं माझ्या बायकोला सांगितलं. सुभेदारांची बायको आजारी पडली तेव्हा मुलगा नाशिकला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत होता. डॉक्टरांनी खरं काय ते फक्त सुभेदारांना सांगितलं होतं. त्यांनी ते लाल चिठ्ठीत टाकलं. परीक्षा संपेपर्यंत पोराला कळवायची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं. परीक्षा संपली, पोरगा घरी आला, आणि आई त्याच्या आदल्या दिवशी गेली होती. त्या दिवसापासून बोलणं तुटलं. मुलगा सुरतेत आला, घरोघर इंटरनेटच्या तारा जोडायचा धंदा केला, म्हणजे बापाच्या बरोबर उलटा. निवृत्त झाल्यावर सुभेदारांनी फ्लॅट घेतला तो समोरच्याच इमारतीत. योगायोग, म्हणाले. त्यांच्या गॅलरीतून मुलाची गॅलरी समोरासमोर दिसते.

मुलाला मुलगी झाली ती बातमी सुभेदारांना टेबलावरच मिळाली. ब च्या फोनवर हिरवा संदेश आला, फ्लॅट तीनशे चार, कन्यारत्न. मी समोर बसलो होतो. त्यांनी तो दोनदा वाचला, चिठ्ठीवर उतरवला, इतकं सुबक अक्षर मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं, आणि आमच्या ग्रुपवर टाकला. मला वाटलं आता तरी उठतील, पलीकडे जातील. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी एक लाल चिठ्ठी घेतली आणि मुलाच्या नावानं लिहिलं, 'संदेश मिळाला. वजन कळवावे.' तासाभरानं उत्तर आलं, 'दोन किलो नऊशे.' सुभेदारांनी ते नोंदवलं, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "ठीक आहे. चांगलं आहे." मग बाहेर जाऊन अख्ख्या आवाराला जिलेबी वाटली. कशाबद्दल असं कोणी विचारलं तर सांगत, "वाटतो आहे."

ती पोर दोन वर्षांची झाली तेव्हा, यंदाच्या उन्हाळ्यात, लिफ्ट बंद असताना सुभेदार जिन्यातच बसले. घामानं भिजलेले. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाकडे जाणारी वाहिनी अडली आहे, आठवड्याच्या आत उपचार करायला हवा, उशीर जिवावर बेतेल, आणि सहीला जवळचं माणूस आणा. "मास्तर करतील," सुभेदार म्हणाले. "मास्तर तुमचे कोण?" डॉक्टरांनी विचारलं. सुभेदार खिशात चष्मा शोधू लागले. परतताना रिक्षात त्यांनी रिपोर्टच्या पाकिटावर लाल रेघ मारली आणि माझ्याकडून वचन घेतलं. "माहिती ज्याची, हुकूम त्याचा. पुढच्या महिन्यात बघू."

माझी काय अवस्था झाली असेल ती कल्पना करा. माझ्याकडे, म्हणजे ज्याच्याकडे मिलमधली कुजबुज दुपारच्या डब्यापर्यंत टिकत नाही त्या माझ्याकडे, अशी गोष्ट. बायको म्हणाली, "सांगून टाका त्या पोराला. वचनाचं काय लोणचं घालायचंय?" पण मला भीती वाटत होती, आणि ती खरोखरची भीती होती. बोललो तर हा माणूस माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा नाही, न बोललो तर माणूसच राहायचा नाही. दोन दिवस गेले. टेबल मी सांभाळत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा तारेच्या दुरुस्तीची सूचना द्यायला आला. चिठ्ठी देऊनही उभाच राहिला. मग हळूच अहिराणीत म्हणाला, "मास्तरकाका, बाबा दोन दिवस गॅलरीमा दिसनात नही. बरा शेतस ना?"

मी म्हणालो, "ती माहिती लाल आहे." म्हटलं आणि जीभ चावली, कारण पोराचा चेहरा उतरला. "मग मी काय करू?" तो म्हणाला. टेबलाच्या खणात सुभेदारांचा मागणीचा कागद असे. जी माहिती आपल्याला कोणी देत नाही ती मागायची असेल तर तो भरायचा, आणि तो माहितीच्या मालकाला दाखवणं टेबलावरच्या माणसाला बंधनकारक. मी तो पुढे सरकवला. पोरगा भडकला, "माझ्याच बापाची तब्येत विचारायला फॉर्म?" आणि निघून गेला. अर्ध्या तासानं तो भरलेला कागद घेऊन आला.

मी तो घेऊन वर गेलो. सुभेदार उशीला टेकून बसले होते. त्यांनी चष्मा लावला. कागदावर चार ओळी होत्या. माहिती कोणती, बाबांची तब्येत. मागणारा कोण, मुलगा. गरज काय, 'आईच्या वेळी तुम्ही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. या वेळी विचारतो आहे.' माहितीचं काय करणार, 'सोबत येईन.'

"तारीख नाही टाकली," सुभेदार म्हणाले. कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "येडा शे मना पोऱ्या." त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी दारापर्यंत गेलो असेन नसेन, मागून हाक आली. "मास्तर, थांबा. हे टेबलावरून नाही जाणार. मी नेतो."

मी दंडाला धरून त्यांना खाली आणलं. साठ पावलांच्या आवाराला आम्हाला दहा मिनिटं लागली. ब च्या दाराशी वही होती. वॉचमन म्हणाला, साहेब, तुम्हाला कशाला नोंद? पण ते थांबले आणि धाप लागली असताना एकेक रकाना भरला. नाव. कोणाकडे. काम. कामाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'मुलानं बोलावलं.' वरून पोरगा जिना धडधडत उतरत येत होता, आणि मी तिथून निघालो, कारण रडणाऱ्या माणसांत उभं राहिलं की मला आवरत नाही.

सहीला मुलगा गेला. उपचार नीट झाला. आता सुभेदार ब मध्ये मुलाकडेच राहतात आणि नातीला मांडीवर घेऊन गॅलरीत बसतात. ती पोर आजोबांवर गेलेली नाही. आज काय भाजी केली ते ती तिसऱ्या मजल्यावरून साऱ्या आवाराला ओरडून सांगते, आणि सुभेदार तिला थांबवत नाहीत. टेबल मी चालवतो, पण गाळण्याचं काम मला जमत नाही, त्यामुळे दोन्ही इमारतींत पुन्हा थोडी भांडणं सुरू झाली आहेत. शेजारच्या दाराला कुलूप आहे. माणूस सुखात आहे आणि समोर दिसतो, मला आनंदच व्हायला हवा, आणि होतोही. पण संध्याकाळी मिलमधून येऊन जिना चढताना कोणाला काहीतरी विचारावं आणि त्यानं ते अजिबात सांगू नये, असं कोणी आता आमच्या मजल्यावर उरलेलं नाही. मला फार चुकल्यासारखं होतं.