सडा तापतो कसा?

"घाई कोणाला आहे?" असं काकू म्हणाल्या की समजायचं, आता आपली धावपळ होणार. आमच्या आळीत हे सगळ्यांना पाठ होतं. कुणाचं लग्न असो की गणपती, काकू शांतपणे पदर खोचायच्या, हे वाक्य टाकायच्या आणि चार माणसं चार दिशांना पळायची. त्यातला एक मी. माझं छपाईचं दुकान त्यांच्या दारासमोरच, मग सुटणार कुठे? तुमच्याही आळीत अशी एक बाई असेलच.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस राजापूरचा की गुहागरचा ते सांगायच्या. निवृत्त झाल्यावर कानांना काम हवं म्हणून त्यांनी वाचनालयाची कविता स्पर्धा अंगावर घेतली. "इथे लोक मनातलं बोलतात तरी," म्हणायच्या. "फोनवर नुसतं 'कसे आहात, बरे आहात.'"

या स्पर्धेला सुगंधा दरवर्षी कविता पाठवायची. माहेर जयगडच्या बाजूचं, कामाला मिरजोळ्याच्या काजू कारखान्यात. दोन वर्षं तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. तिसऱ्या वर्षी कविता द्यायला आली तेव्हा माझ्यासमोरच काकूंना म्हणाली, "उत्तेजन तरी किती वर्षं घ्यायचं ओ काकू? घरात हसतात. यंदा नाय झालं तर लिवायचं बंद."

काकूंनी तिला चहा दिला आणि विषय बदलला. पण ती गेल्यावर तिची कविता त्यांनी दोनदा वाचली. काकू दोनदा वाचतात म्हणजे प्रकरण गंभीर.

परीक्षक पुण्याहून आले होते, एक प्राध्यापक. सज्जन माणूस. आंब्याच्या दिवसांत कार्यक्रम ठेवला की परीक्षक हो म्हणतात, हाही काकूंचाच हिशेब. बक्षीस समारंभ संध्याकाळी. सरांनी सकाळी नंबर दिले, मी प्रमाणपत्रं छापून टाकली. सुगंधा पुन्हा उत्तेजनार्थ.

दुपारी काकूंकडे जेवताना सर आपणहून म्हणाले, "त्या सुगंधाची सड्यावरची कविता गोड आहे हो. पण फसली. अंगणातला सडा शेणपाण्याचा, ओला. तो तापेल कसा?"

काकूंच्या हातातला सोलकढीचा पेला तिथेच थांबला. अहो, आमचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं रान! शेणपाण्याला सुद्धा आम्ही सडाच म्हणतो, पण कवितेतली आई काही अंगणात फिरत नव्हती. चिरेखाणीवर नवऱ्याची भाकरी घेऊन चालली होती.

आता काकू सरांना समजावून सांगतील असं मला वाटलं. छे. त्यांनी सरांना पोटभर वाढलं, हात धुऊ दिले आणि मग माझ्याकडे वळल्या. "घाई कोणाला आहे? गाडी काढ."

मिरजोळ्याच्या पुढे सड्यावर गाडी थांबवली. भर उन्हात सगळं रान काळंभोर, झाडाचं नाव नाही. काकू म्हणाल्या, "सर, ह्याला आम्ही सडा म्हणतो. जरा चपला काढा."

"चपला?"

"एकच काढलीत तरी चालेल."

सरांनी एक पाऊल टेकवलं आणि जे उडाले! गाडीचं दार धरून एका पायावर उभे राहिले. मला हसू आवरेना, काकूंनी डोळे वटारले. नंबर बदला असं काकू एका शब्दाने म्हणाल्या नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. सर मात्र पाय चोळता चोळता सुगंधाच्या ओळी पुटपुटले,

"सडा तापला, थांबला नाय
आयेचा माझ्या अनवाणी पाय."

परतताना सर म्हणाले, "पहिला क्रमांक हिचाच. आधीच्या पहिल्याबरोबर विभागून देऊ का?"

"विभागून?" काकू म्हणाल्या. "कोकणात विभागून म्हटलं की कोर्टाची पायरी आली, सर."

झालं, माझी प्रमाणपत्रं रद्दीत. पुन्हा छापली. आधी पहिला आलेला देवरुखचा मास्तर दुसरा झाला, त्याला सगळं सांगितलं तर खो खो हसत म्हणाला, "माझ्या पायांना विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं."

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. सरांनी आपली फजिती स्वतः सांगितली, काहीही न लपवता. मग सुगंधा उभी राहिली. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीला कापला नाही. कविता संपली तसे लोक उभेच राहिले. दुसऱ्या रांगेत तिची आई बसली होती. सगळे आपल्या पायांकडे बघतायत म्हणून तिने ते लुगड्यात ओढून घेतले. काकू खाली उतरल्या, तिला हाताला धरून व्यासपीठावर घेऊन गेल्या आणि प्रमाणपत्र मायलेकींच्या हातात एकदम ठेवलं. असल्या टाळ्या आमच्या रत्नागिरीत मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

काकू गेल्या फाल्गुनात गेल्या. झोपेतच. घाई त्यांनाच होती म्हणायची.

मागच्या महिन्यात त्याच सरांनी सुगंधाला कवितावाचनाला पुण्याला बोलावलं. मी गाडी घेऊन गेलो. तिने तीच कविता म्हटली. समोरून एका तरुण बाईंनी विचारलं, "सडा तापतो म्हणजे कसा, ते कळलं नाही."

सुगंधा हसली. "सांगते," म्हणाली. "माझ्या एक काकू होत्या." आणि तिने सगळी हकिगत सांगितली, पेल्यापासून चपलेपर्यंत. पुणेकर हसत होते, टाळ्या वाजवत होते. मी मागच्या रांगेत होतो. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते मी पुसलेही नाहीत.