रेवाडीच्या काचेतले आजोबा

शनिवारी सकाळी सहाला मुनिरकातल्या आमच्या दारात बाबा सूट घालून उभे होते. दिल्लीचा जून आणि सूट!

"बाबा, रेवाडीला जायचंय, राष्ट्रपती भवनात नाही."

"माझ्या बाबांना भेटायला चाललोय ना," ते म्हणाले आणि टायची गाठ नीट केली. मी पाण्याची जास्तीची बाटली पिशवीत टाकली. खरं तर मलाच रात्रभर झोप नव्हती.

भानगड अशी. माझे आजोबा बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीच्या साइडिंगवर, म्हणजे मालगाड्यांच्या फाट्यावर, सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे. बाबा दोन वर्षांचे असताना ते गेले आणि घरातला एकुलता एक फोटो पुराच्या पाण्यात गेला. थोडक्यात, सत्तरी ओलांडलेल्या, केंद्र सरकारातून रिटायर झालेल्या या माणसाला स्वतःच्या वडिलांचा चेहरा ठाऊक नाही. मला जुन्या रेल्वेचं वेड. आमच्या वेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यापूर्वी रेवाडीच्या यादवजींनी बल्लारपूरच्या एका जुन्या ग्रुप फोटोच्या लिफाफ्याचा फोटो टाकला. त्यावर इंग्रजीत अकरा नावं, डावीकडून क्रमाने, आणि सातवं नाव: दौलत पांडू, सांधेवाला. माझे आजोबा! मी ऑफिसात खुर्चीवरून अशी किंचाळले की शेजारचा माणूस फर्स्ट एड बॉक्स घेऊन आला.

दिल्ली कॅंटवरून सकाळची पॅसेंजर पकडा. तिकीट नाश्त्याहून स्वस्त, गाडी दोन तासांत पोचवते, पण खिडकीची जागा हवी तर लवकर जा. घरच्या पोहे-चटणीचा डबा गुडगावच्या आधीच संपला. समोरच्या ताईंनी बाबांकडे बघून विचारलं, "अंकल, शादी में जा रहे हो?" बाबा म्हणाले, "उससे भी बड़ा काम है," आणि रुमालाने मान पुसली.

यादवजी रेल्वेतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. स्टेशनवरून ई-रिक्षाने दहा मिनिटं, पितळी भांड्यांच्या बाजारामागे घर. (बाजारात कचोरी खा. पितळेच्या दुकानात मात्र सांभाळून शिरा, मी एक परात उचलून आणलीच.) नोकरीत जिथे जिथे बदली झाली तिथलं भंगारात निघालेलं सामान त्यांनी उचलून आणलंय: साइडिंगचे नकाशे, वॅगनची रजिस्टरं, खाणीच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा, म्हणजे जुन्या काळच्या निगेटिव्ह. दोन खोल्या छतापर्यंत भरल्यात. मी तर मिठाईच्या दुकानात सोडलेल्या पोरासारखी झाले. बल्लारपूरच्या साइडिंगचा नकाशा निळ्या शाईत! प्रत्येक सांध्याला नंबर!

"पहले लस्सी, फिर पिताजी," यादवजी म्हणाले. लस्सी बाबांनी एका घोटात संपवली.

मग फोटो आला. इंजिनासमोर अकरा माणसं ओळीत. मधोमध खुर्चीवर साहेब, म्हणजे सहावा. बाबांनी बोटाने मोजलं. सातवा, साहेबाच्या लगत, मिशांचे आकडे वळवलेला दणकट गडी. चपटे कान, रुंद जबडा. बाबा फोटोवर वाकले.

"हो, असतील," ते म्हणाले. "चांगले दिसतात."

मला ते पटेना. आमच्या घराण्याचे कान सुपासारखे, बाहेर निघालेले. शाळेत पोरं बाबांना 'सूप, सूप' म्हणून चिडवायची, म्हणून नोकरी लागल्यापासून बाबांनी कानांवर केस वाढवलेत. ऑफिसातले त्यांना शौकीन समजत. या माणसात आमचं काहीच नव्हतं, आणि बाबा त्याला सभ्यपणे वडील मानायला निघाले होते!

मी रडू येऊ नये म्हणून भिंग घेऊन इंजिन बघायला लागले. कोपऱ्यात नंबराचा एकच आकडा दिसत होता, इंग्रजी चार. तो उलटा होता. आरशात दिसतो तसा.

"यादवजी, यह प्रिंट किसने निकाला?"

"हमने. घर पर ही…" त्यांनी भिंगातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे बेटा! प्लेट उलटी रख दी हमने! चालीस साल नौकरी की, और यह गलती!"

म्हणजे डावं ते उजवं झालं होतं. सातवा माणूस साहेबाच्या दुसऱ्या बाजूला!

यादवजींनी मूळ काच काढून खिडकीच्या उजेडात सरळ धरली. काचेत चेहरे काळे, कोळसा पांढरा. मी मोबाईलने तीनदा फोटो काढला आणि रंग उलटे करायचं बटण दाबलं. साहेबाच्या लगत एक सडपातळ तरुण उभा होता. हातात झेंडी, डोक्यावर टोपी, आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ते कान!

"अगं…" बाबांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. "अगं, माझेच कान." ते हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, आणि यादवजी अजून एकदा लस्सी आणायला आत पळाले.

निघताना बाबांनी यादवजींना मिठी मारून जय भीम केला. यादवजींनी राम राम केला आणि सरळ काढलेली नवी प्रिंट पोस्टाने पाठवायचं कबूल केलं. परतीच्या गाडीत बाबांनी डब्यातल्या अर्ध्या लोकांना मोबाईल दाखवला. सगळ्यांना 'मेरे पिताजी' अशीच ओळख करून दिली, तरुण मुलाची ओळख करून द्यावी तशी.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: रेवाडीत वाफेच्या इंजिनांची जुनी शेडही आहे, एक दिवस पुरत नाही, आणि जूनमध्ये जाऊ नका. नकाशे, रजिस्टरं सगळं डोक्यात अजून घोळतंय. पण खरं काय राहिलं, ते मला रविवारी सकाळी कळलं. बाबा गल्लीतल्या न्हाव्याकडे गेले होते. मी भाजी घेऊन येताना पाहिलं, तर ते खुर्चीत ताठ बसून आरशात बघत होते.

"अंकल, हमेशा जैसा? कान के ऊपर छोड़ दूं?"

"नहीं," बाबा म्हणाले. "कान पूरे दिखने चाहिए."