सोर्स कुठं ठेवायचा, हे बशीरला माहीत होतं

बशीर गेल्याची बातमी मला क्लासच्या संचालकांनी फोनवर दिली, ती दोन वाक्यांत. "मास्तर, बशीर गेले हो. लॅबचे पासवर्ड तुमच्याकडं असतील ना?" दीड महिना उलटला, तरी त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी संतापून येरझाऱ्या घालतोय.

बशीर निलंग्याकडच्या खेड्यातला. भूकंपात घर गेलं, तसा तो नांदेडला मामूच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आला आणि रेडिओवरून कॉम्प्युटरवर कधी सरकला, ते मामूलाही कळलं नाही. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास उगवले. मी त्यातल्याच एकात फिजिक्स शिकवायचो. आमच्या संचालकांना प्रत्येक शाखेत कॉम्प्युटर हवे होते, आणि बशीरनं त्यांच्यासाठी चक्क स्वतःची लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा बांधली, मराठी मेनूसकट, एका सीडीत मावणारी. मग भांडण पेटलं. कर्नल म्हणजे या यंत्रणेचा गाभा, आणि सोर्स म्हणजे त्या गाभ्याचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर. तो हाताशी असेल तर बिघाड आपला आपण काढता येतो. बशीरचं म्हणणं, सोर्स प्रत्येक मशीनमध्ये, कर्नलच्या शेजारीच हवा. संचालकांना तीच जागा सराव परीक्षांसाठी हवी होती. "दुसऱ्या सीडीत टाका की. पोरांना डॉक्टर व्हायचंय, सोर्स कोण वाचतंय?"

बशीर माझ्याकडं वळला. "मास्तर, आमच्या गावात पहारी कुठं होत्या माहीत हाय? गोदामात, कुलपात. अन् किल्लीवाला ढिगाऱ्याखाली. आम्ही हातानं माती उकरली… दुरुस्तीचं सामान घरातच पायजे." मी काय केलं असेल? मी हसून म्हणालो, "बशीर, भूकंप कॉम्प्युटरला येत नसतो." टाळी मिळाली. माझं मत संचालकांना गेलं. दोनास एक.

व्हायचं तेच झालं. देगलूरच्या शाखेत नवी नेटवर्क कार्डं आली आणि मशीन त्यांना ओळखच देईनात. तिथल्या शिक्षिका हुशार, सोर्स असता तर तासाभरात कर्नल पुन्हा बांधून मोकळ्या झाल्या असत्या. पण दुसरी सीडी लातूरच्या कपाटात, आणि किल्ली संचालकांच्या खिशात. शेवटी बशीर स्वतःची प्रत घेऊन नांदेडहून एसटीनं देगलूरला गेला. मग उदगीरला, मग पुन्हा देगलूरला. मी चिडवायचो, "लेका, तूच आमची दुसरी सीडी." तो म्हणायचा, "हाव मास्तर, पाय बी माझेच दुखून राहिलेत." इतक्या खेपा घातल्या, पण एकाही मशीनमध्ये त्यानं गुपचूप सोर्स ठेवून दिला नाही. ठरलं ते ठरलं, म्हणे. या सभ्यपणाचा मला आजही राग येतो. माझ्या टाळीचा तर त्याहून जास्त.

गेल्या आठवड्यात लातूरच्या लॅबला त्याचं नाव दिलं. संचालक भाषणात गहिवरले. "बशीर म्हणजे ज्ञानाची उघडी खिडकी." मी मागच्या बाकावरचं मशीन चालू करून पाहिलं. कर्नलच्या शेजारी सोर्स नव्हताच. या उघड्या खिडकीला आपणच फळ्या ठोकल्या होत्या, आणि त्यातल्या एका फळीवरचा हातोडा माझा होता.

बशीरच्या बायकोनं, भाभींनी, त्याआधी चाळिसाव्याच्या जेवणाला बोलावलं, तेव्हा सोर्सची त्याची ती सीडी माझ्या हातात ठेवली होती. एसटीत घासून घासून तिच्या कव्हरचे कोपरे झिजलेत. ती मी खिशातून काढून पहिल्या मशीनमध्ये सरकवली. कर्नलच्या शेजारी कप्पा केला, सोर्स त्यात उतरवला, कप्प्याला आवृत्तीचा आकडा दिला, बशीर द्यायचा तसाच, म्हणजे उद्या नवा सोर्स आला तरी जुन्याला तुडवणार नाही. पुढं हार घालणं चाललं होतं. मी दुसऱ्या मशीनवर गेलो, मग तिसऱ्या.

चौथ्यापाशी संचालकांनी गाठलं. "काय करून राहिलात मास्तर? पाहुणे वाट बघून राहिलेत."

"बशीरचा फोटो लावून राहिलोय."

"फोटो तर लागला की भिंतीवर."

"तो तुमचा," म्हणालो, आणि पाचव्या मशीनची खुर्ची ओढली.