कोरड्या दोराच्या गाठी

सटवा भोई उभ्या जन्मात तलावापासून फार लांब कधी गेला नाही. धर्मापुरीच्या अलीकडे टेकडीच्या पोटाशी तो तलाव होता. निजामाच्या अमलात त्याची राखण सटवाच्या घराण्याकडे होती. मासे धरायचे, बांधावरची झुडपं उपटायची आणि दिवाळी झाली की पाणी मोजायचं. सटवा सांगेल तितकं पाणी. त्यावरून मोहनराव पाटील गव्हाला किती पाळ्या द्यायच्या ते ठरवायचे. तीस वर्षांत त्याचा आकडा कुणी तपासला नव्हता.

मोजायचा दोर अंबाडीचा. खाली दगड. दर चार हातांवर एक गाठ. तेवढ्या खोलीला एक परस म्हणायचे. दोर नवा केला की तीन दिवस तलावात भिजत घालायचा आणि ओला असतानाच गाठी मारायच्या. बापाने एवढंच शिकवलं होतं. कारण सांगितलं नव्हतं.

त्या साली जुना दोर उंदरांनी कुरतडला. बायकोने, गीताबाईने, नवा वळून दिला. इकडे पाटलांचे निरोपावर निरोप. सटवाने कोरड्या दोरालाच गाठी मारल्या आणि पाणी मोजून टाकलं. तलावाच्या भिंतीपाशी चार परस. पाटलांनी गव्हाला पाच पाळ्या कबूल केल्या. लोकांनी पेरलं.

पहिली पाळी सुटायच्या आधीच हैदराबादहून वाहिदअली साहेब आले. त्यांच्याजवळ जमिनीच्या पोटातलं पाणी हुडकायचं यंत्र होतं. उमापूर-तलवाड्याकडे विहिरी आटल्या होत्या. कुठं आणि किती खोल खणायचं, ते यंत्र सांगणार होतं. पण आधी यंत्र खरं बोलतं का, ते पाहायचं होतं. त्यासाठी तलाव बरा. त्याची खोली दोराने ताडून बघता येते.

पाण्यात जायला पाटलांनी गूळ करायची मोठी काहील देऊ केली.

"लोखंड नक्को," साहेब म्हणाले. "मशीन बहक जाती."

मग सटवाचा मेहुणा शहादेव याने भोपळ्यांची सांगड बांधली. साहेबांनी काठावर फीत लावून दोर तपासला. गाठीपासून गाठीपर्यंत बरोबर सहा फूट. मग पाण्यावर तारा पसरल्या. तांब्याच्या चार सळया पाण्यात सोडल्या. पेटीतला काटा थरथरला. साहेबांनी कागदावर गणित केलं. बावीस फूट. सटवाने दगड सोडला. चार गाठी, म्हणजे चोवीस. उथळात यंत्र म्हणालं अकरा, दोर म्हणाला बारा.

"दाजी, तुमचा दगड आन् साहेबाची पेटी, दोघात एक लबाड हाय," शहादेव म्हणाला.

"गप बे. सांगड धर."

"हर जगह बारावा हिस्सा कम," साहेब काठावर येऊन म्हणाले. "मशीन का कसूर है. आगे से हिसाब में उतना बढ़ा देंगे."

दुपारी गीताबाईने आणलेली भाकरी खाताना सटवाने ओला दोर मांडीवर घेतला. सहज हाताने मोजला. चार हातांना आठ बोटं कमी. दुसरी गाठ बघितली. तिथंही आठ बोटं. भाकरी त्याच्या हातातच राहिली.

"अंबाडी पाण्यात आकसती," तो बायकोला म्हणाला. "म्हून बाप भिजवायचा."

गीताबाईला सगळं कळलं. "गप ऱ्हावा. साहेबानं स्वता मोजलाय दोर. तुमाला कोण इचारतंय?"

"त्यो पेटीचा हिशोब बिघडवून उमापूरला जाईल. तितं लोक इहिरी खणतील."

"आन् हितं लोक तुमाला खणतील."

सटवा उठला. साहेब आणि पाटील चिंचेखाली बसले होते.

"साहेब, पेटी खरी हाय. दोर लबाड हाय."

"मैंने खुद नापा."

"सुका मोजला तुमी. आता वला मोजा."

फीत लावली. साडेपाच फूट. साहेब हसले. "कायको बोले मियां? मैं तो मशीन को सजा दे रहा था."

पाटील हसले नाहीत. "मंजी भिंतीपाशी चार परस न्हाई?"

"न्हाई मालक. दोन फूट कमी."

"मंग पाचवी पाळी?"

"निघायची न्हाई."

"अरे, लोक पेरून बसलेत! मी जबान दिलीया. आता कोण तोंड दाखवणार?"

"मी जातो सांगाया."

"जाशीलच. आन् फुडल्या सालापासून पाणी शहादेव मोजील."

"बरं," सटवा म्हणाला.

त्याने दोराच्या गाठी सोडल्या आणि दोर तीन दिवस पाण्यात ठेवला. साहेब थांबले. चौथ्या दिवशी ओल्या दोरावर नव्या गाठी मारल्या. आता यंत्र आणि दोर एकच बोलले. साहेबांची गाडी उमापूरला निघाली.

पाचव्या पाळीवर भिस्त असलेली सतरा घरं होती. सटवा त्याच सकाळी निघाला. पहिलं घर केशरबाईचं. तिने उंबऱ्यातूनच ऐकून घेतलं.

"तीस वर्सं आमी तुझ्या तोंडाकडं बघून पेरतोय," ती म्हणाली. "आता गहू काय तुझ्या दोराला बांधू?"

 तिचं बोलून झाल्यावर सटवा पुढच्या घरी गेला. दिवस मावळेपर्यंत अकरा घरं झाली. उरलेल्या सहा घरी तो दुसऱ्या दिवशी गेला.