पाणी न पिणारा कोठावळा

धाकट्या, तू त्या पुस्तकाचा पाचवा भाग संपवलास असं परवा तुझ्या बाबांनी कळवलं, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. आधी लिहिलं असतं तर तुझ्या वाचनाचा विचका झाला असता आणि तुझ्या ताईने मला कधीच माफ केलं नसतं.

तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. आदल्या श्रावणात आजोबा गेले होते आणि तुम्हाला कुणाला परदेशातून वेळेवर येता आलं नव्हतं. फोनवर ताई आजोबांचा विषय काढायची नाही, मीही काढत नसे. जेवलीस का, शाळा कशी आहे, पाऊस आहे का, एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. मग तिनेच सुचवलं की आपण दोघींनी एकच पुस्तक वाचायचं. तुमच्या बाबांनी ते पाच जाड इंग्रजी भाग इथे देवळालीला मागवून दिले. मी त्यांना खाकी कव्हरं घातली, पाठीवर आकडे टाकले आणि पहिल्या भागाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दोन रकाने आखले, भले आणि वाईट. शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांकडून मी अशीच यादी करून घ्यायचे.

दर रविवारी सकाळी आठला फोन. तुमच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. एका रविवारी तिने प्रकरण मोठ्याने वाचायचं, पुढच्या रविवारी मी. नियम एकच होता, पुढचं पान कुणी चोरून वाचायचं नाही.

गोष्टीतल्या सावल्या चोरणाऱ्या राणीचं मला विशेष काही वाटलं नाही. ती वाईट आहे हे पहिल्या पानापासून माहीत असतं, त्यामुळे तिची काळजी करावी लागत नाही. माझा जीव जडला तो गडाच्या कोठावळ्यावर. धान्याची कोठारं सांभाळणारा, एका पायाने लंगडणारा, खिशात सुके जर्दाळू ठेवून गडावरच्या पोरक्या मुलीच्या हातावर दोन-दोन ठेवणारा. मुलगा गेलेला, तरी सगळ्यांची विचारपूस करणारा. आजोबाही स्कूटरवरून पडल्यापासून थोडे लंगडायचे आणि त्यांच्या खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे. एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी तुझ्या आजोबांसारखा आहे गं हा."

ताई म्हणाली, "मी पण तेच म्हणणार होते!"

त्या दिवशी ती अर्धा तास आजोबांबद्दल बोलली. त्यांनी तिला उसाचं कांडं सोलून द्यायचं, ती चोथा कुठेही थुंकायची, ते सगळं. फोन ठेवल्यावर मी कोठावळ्याला भल्यांच्या रकान्यात लिहिलं, पेनने. एरवी अशी यादी मी पेन्सिलीने करते.

वैशाखात कुरडया घालायला शेजारच्या मळ्यातली काकू आली. तू जिला कुरडईवाली आजी म्हणतोस तीच. गच्चीवर चीक घाटून झाला होता, मी सोऱ्या भरून देत होते, ती प्लॅस्टिकवर वेटोळी पाडत होती. दर आठवड्याचं प्रकरण मी तिला मराठीत सांगायचेच. मधेच ती थांबली.

"बाई, त्यो कोठावळा कुनाच्या घरी पानी का पीत न्हाई वो?"

"पीत नाही असं कोण म्हणालं?"

"तुमीच सांगितलं की! त्या पोरीकडं गेल्ता तवा न्हाई पेला. लोहाराकडं न्हाई. म्हातारीनं ताकाचा तांब्या पुढं केला, तर म्हनं आत्ताच पेलो. दारात आलेला मानूस पानी नाकारतो कवा? एक तर भांडान हाय, न्हाई तर त्याच्या मनात काईतरी हाय."

"अहो, कामाचा माणूस आहे तो. घाईत असतो."

"पानी प्यायला किती घाई लागती? आन् द्या इकडं, चीक गार व्हायलाय."

दुपारी मी तिन्ही जागा काढून पाहिल्या. तिन्ही जागी तसंच लिहिलं होतं. आयुष्यभर मुलांना शिकवत आले की लेखक उगाच काही लिहीत नाही, आणि ते माझ्याच नजरेतून सुटलं होतं. मग मी नियम मोडला. पुढची पानं उलटत गडाच्या उत्तर दरवाजाच्या प्रकरणापर्यंत गेले. कोठावळा स्वतःच्या हाताने अडसर काढतो आणि राणीच्या फौजेला आत घेतो. मेलेल्या मुलाची सावली परत देईन, असं तिने त्याला सांगितलेलं असतं.

काकूला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग सांगून टाका पोरीला."

"कसं सांगू? मी त्याला आजोबांसारखा म्हटलंय."

"त्ये तुमी म्हनलाय. त्यानं न्हाई म्हनलं."

ते प्रकरण वाचायची पाळी ताईची होती. रविवारी ती म्हणाली, घसा दुखतोय. मला बरंच वाटलं. पुढच्या रविवारी शाळेचं काही काम निघालं. तिसऱ्या रविवारी फोन तुझ्या आईने उचलला. "आई, ती म्हणते तिला आता ते पुस्तक नकोय. काय झालं सांगत नाही."

मला कळलं, तिने वाचलंय. कोठावळा हातचा गेला त्याचं काही नव्हतं. पण आजोबांचं नाव तिच्या तोंडी आलं होतं ते त्याच्यामुळे, आणि ती गाठ माझ्याच जिभेने मारली होती. आता आजोबा म्हटलं की तिला तो दरवाजा उघडणारा आठवणार, आणि आम्ही पुन्हा जेवलीस का, पाऊस आहे का, एवढ्यावर येणार. चार दिवस मला घास गोड लागला नाही.

गुरुवारी सकाळी मीच फोन लावला.

"आजी, आज रविवार नाहीये," ताई घाबरून म्हणाली. "तुला बरं नाहीये का?"

"मी ठणठणीत आहे. मी नियम मोडलाय, तेवढं सांगायचं होतं. दरवाजाचं प्रकरण मी वाचलंय."

"कधी?"

"कुरडया घातल्या त्या दिवशी."

"मी त्याच्याही आधी," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला ते तुला वाचून दाखवायचं नव्हतं. तू म्हणाली होतीस ना, आजोबांसारखा. तुला किती वाईट वाटलं असतं."

म्हणजे मी तिला जपत होते आणि ती मला. मी तिला काकूचं पाण्याचं सांगितलं. तिने रडणं थांबवून नीट ऐकलं, शिक्षकाचं ऐकावं तसं.

"पण आजी," ती म्हणाली, "आजोबा तर सगळ्यांकडे चहा प्यायचे!"

"प्यायचे," मी म्हणाले.

"मग ते त्याच्यासारखे कसे असतील? दळण आणायला गेले तरी तीन घरी पिऊन यायचे. डॉक्टरांनी नको सांगितलेला असूनही. तू ओरडायचीस."

"मग म्हणायचे..."

"अर्धाच घेतला!" ती ओरडली, अगदी त्यांच्या सुरात.

आजोबा गेल्यापासून मी पहिल्यांदाच इतकी हसले. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तसंच झालं. फोन ठेवून मी यादीचं पान काढलं आणि पट्टी लावून कोठावळ्याचं नाव खोडलं. दुसऱ्या रकान्यात लिहायला मात्र हात होईना. मुलाच्या सावलीसाठी केलं होतं त्याने. ते नाव अजून तसंच खोडलेलं आहे.

रविवारी काकू मुद्दाम आली. ताईने प्रकरण वाचलं, आवाज जराही न कापता. व्हिडिओ लावून फोन स्टूलवर ठेवला होता आणि मी वाक्यावाक्याला मराठी करून सांगत होते. दरवाजा उघडला, फौज आत आली, आणि राणीच्या शिपायांनी कोठावळ्यालाच खांबाला बांधून घातलं. सावली वगैरे काही मिळाली नाही.

काकू फोनकडे वाकली. "आगं पोरी, पानी मागितलं का आता त्यानं?"

तिकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"मागितलं."

"कुनाकडं?"

"त्या मुलीकडेच."

"दिलं का तिनं?"

"दिलं. आणि तो प्यायला."

"मंग बरं झालं," काकू म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "चहा टाका बाई आता. अर्धा नको, कपभर टाका."

"आजी, कप दाखव," ताई म्हणाली. मी दोन कप भरले आणि फोनसमोर धरले.